वाटेची कळशी

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचतोय. पिंपळावरची बाई, उलट्या पायांचा माणूस, रस्त्यात गाडीला हात करणारी पांढरी साडी... आमची ही जेवायला हाक मारायची आणि मी म्हणायचो, "थांब, साडीवाली आत्ताच गाडीत बसलीय." असा मी. भूत, करणी, भानामती यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि भुतांवर तर आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी "काका, तुम्हीसुद्धा?" म्हणायला नको.

मी राहतो नवीन जालन्यात, मंठा चौफुलीच्या अलीकडच्या एका कॉलनीत. नोकरी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये. पोत्यातलं बी दिसायला कितीही टपोरं असो, त्यात ओल किती आहे हे मशीनवर बघून सांगायचं, हे माझं काम. ओल जास्त निघाली तर अख्खा माल परत जातो, त्यामुळे लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. सांगायचा मुद्दा असा की पाणी कुठून येतं, कुठे मुरतं आणि कसं उडून जातं, याच्यावर माझी निम्मी हयात गेली आहे. म्हणूनच खालची गोष्ट पचायला मला इतका त्रास झाला.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको शैला आणि माझी माय. माय आधी गावाकडे थोरल्या भावाजवळ असायची. गाव आमचं घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या शेजारी. गुडघे दुखायला लागले तशी चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, आणि येताना आपले सगळे नियम घेऊन आली.

त्यातला एक नियम म्हणजे वाटेचं पाणी. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की माय एक भांडं पाण्याने भरून देवाजवळ ठेवते. निघणाऱ्याने त्यातला एक घोट प्यायचा आणि बाहेर पडायचं. उरलेलं पाणी झाकून ठेवायचं, कुणी शिवायचं नाही. माणूस पोचल्याचा निरोप आला की ते तुळशीला घालायचं. मायचं म्हणणं, "भांड्यात पाणी हाय तवर वाटंत माणसाचा घसा सुकत न्हाई." आमच्या आज्यापासून हे चालत आलंय म्हणे.

आणि भांड्याचं मापसुद्धा ठरलेलं. अंबडला जायचं असेल तर फुलपात्र. परभणी-नांदेडला तांब्या. पुण्या-मुंबईला चरवी. मी गमतीने शैलाला म्हणायचो, गुगल किलोमीटर दाखवतं, आमची माय लिटर दाखवते. मी हे सगळं चालवून घ्यायचो, कारण फुलपात्रभर पाण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते मे महिन्यात.

आमची मुलगी पल्लवी लग्नानंतर अमेरिकेत गेली, सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिला दिवस गेले होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख होती. बाळंतपणाला आई पाहिजे, यात दुमत नव्हतंच. मला सुट्टी मिळेना. खरीप तोंडावर आलेलं, लॅबमध्ये पोत्यांची रांग लागलेली. म्हणजे शैलाने एकटीनेच जायचं. शैला या आधी विमानात एकदाच बसली होती, तीही मुंबई ते तिरुपती आणि सोबत सगळी भिशी मंडळी. इंग्रजी तिला समजतं, पण बोलताना ती अडखळते. वर साखरेचा त्रास. वेळेवर खाणं आणि सारखं पाणी, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

जावई निखिलने तिकीट काढून दिलं. मुंबई ते टोकियो, तिथे थोडा थांबा, आणि मग टोकियोहून समुद्र ओलांडून थेट सॅन फ्रान्सिस्को. मी मोबाईलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. नकाशावर एक बाकदार रेषा उमटली. सव्वाआठ हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, नऊ-साडेनऊ तास, खाली नुसता पॅसिफिक. मी ते माय आणि शैलाला दाखवत बसलो. मला असल्या गोष्टी समजावून सांगायला फार आवडतं, हा माझा दोष समजा.

"बघ माय, हे विमान टोकियोहून शनिवार लागल्या लागल्या निघतं, आणि तिकडे उतरतं शुक्रवारी संध्याकाळी."

माय माझ्याकडे बघतच राहिली. "निघायच्या आधी पोचतंय?"

"मधे तारखेची रेषा असते. ती ओलांडली की एक दिवस मागे. नुसतं कॅलेंडरात हं. बसावं लागतं तेवढे तास बसावंच लागतं."

"मंग तहान शुक्रवारी लागंल का शनिवारी?"

शैला पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी म्हणालो, दोन्ही दिवशी लागेल. तेव्हा माय म्हणाली, "वाटंत गाव किती लागत्यात?"

"एक पण नाही. सगळा समुद्र."

"इतकं पाणी, अन् पिण्याचं बिलकुल न्हाई?" मायने नकाशावरच्या निळ्या रंगावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "कळशी लागंल."

तांब्याच्या दोन कळशा आमच्या घरात आहेत, शैलाच्या रुखवतातली जोडी. बाहेरच्यांना सांगतो, जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही, इथे पैसा आहे, बाजार आहे. पण उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे विचारायचं नाही. आलं की घरातलं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. अशा दिवसांत एक अख्खी कळशी भरून, झाकून, शिवायची नाही म्हणजे काय! मी चिडलो. "माय, एवढ्या पाण्यात दोन दिवसांची भांडी निघतात. देवाजवळ नुसतं कशाला कोंडून ठेवायचं?"

"तू आंघोळ कर न्हाईतर नको करू," माय म्हणाली. "सून माझी समुद्रावरून चालली."

शैलाने मला डोळ्यांनी गप्प केलं. निघायच्या दिवशी तिने नवी साडी नेसून कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं, एक घोट प्यायली आणि मायच्या पाया पडली. मायने तिच्या हातावर दही ठेवलं. "जाते म्हणू नको."

"येते, आत्याबाई."

कळशी गळ्यापर्यंत भरलेली होती, हे मी स्वतः पाहिलेलं. वर पितळी ताटली झाकलेली, ताटलीवर मायचा खलबत्त्याचा बत्ता ठेवलेला. दुसरी कळशी त्याच दिवशी, त्याच नळाच्या पाण्याने भरून आम्ही शेजारी स्वयंपाकघरात ठेवली होती. तीही झाकलेली. ही दुसरी कळशी लक्षात ठेवा.

शैलाला मुंबईला विमानात बसवून मी शुक्रवारी जालन्याला परत आलो. ती आत जाताना एकदा वळली आणि हात केला. तिच्या खांद्याला स्टीलची पाण्याची बाटली लटकत होती. 'विमानतळावर बाटली रिकामी करून आत जायचं आणि आतल्या नळावर भरून घ्यायची,' हे निखिलने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मला एकदम वाटलं, आपण नोकरीच्या नादात हिला एकटीला पाठवतोय. पण तेव्हा वाटून काय उपयोग, ती दिसेनाशी झाली होती.

घरी आलो तर माय म्हणाली, "बघ रे, कळशी दोन बोटं उतरली."

"मे महिना आहे, माय."

"झाकलेली हाय की."

मी कळशी उचलून खाली हात फिरवला. फरशी कोरडी. पाट कोरडा. तरी खाली वर्तमानपत्र टाकलं, कुठे पाझरत असेल तर डाग दिसेल. मग विचारलं, "भांडेवालीने तर नाही ना घेतलं?" यावर मायने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, वाटेचं पाणी पिणारं माणूस आमच्या घरात अजून जन्मलं नाही. टोकियोहून शैलाचा मेसेज आला होता, 'पोचले, बाटली भरली, पाय सुजलेत, तुम्ही जेवा.' मी जेवलो आणि झोपलो.

शनिवारी सकाळी उठलो. आपल्या घड्याळाने तिच्या उतरायची तीच वेळ. चहा गॅसवर ठेवून मोबाईलमध्ये विमानाचा नंबर टाकला. समोर हिरव्या अक्षरांत... 'उतरले'. वेळेच्या थोडं आधीच! मी ओरडलोच, "माय, पोचली! घाल पाणी तुळशीला!"

माय देवापुढे बसलेली होती. तिने बत्ता बाजूला केला, ताटली उचलली, आत वाकून पाहिलं आणि पुन्हा झाकण ठेवलं. "न्हाई पोचली."

"अगं, इथे लिहून आलंय!"

"येऊ दे. पाणी अजून उतरून राह्यलंय."

मी जाऊन पाहिलं. रात्रीपेक्षा पाणी चांगलंच खाली गेलं होतं. कळशीच्या पोटापर्यंत. वर्तमानपत्र कोरडं ठक्क. मी स्वयंपाकघरातली दुसरी कळशी उघडली... ती होती तशी, गळ्यापर्यंत.

तेवढ्यात पल्लवीचा फोन. "पप्पा, आईचा काही मेसेज आला का? निखिल एअरपोर्टवर आहे, तिचं विमान अजून उतरलंच नाही. वेळ पण दाखवत नाहीयेत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शैला मुंबईहून निघाली शुक्रवारी, म्हणून मी शुक्रवारचं विमान बघत होतो. तिचं विमान टोकियोहून मध्यरात्र उलटल्यावर सुटलेलं, म्हणजे शनिवारचं. मी पाहिलं ते आदल्या दिवशीचं, दुसऱ्याच लोकांचं. ज्याने तारखेच्या रेषेवर घरात व्याख्यान दिलं, त्यानेच तारखेत मार खाल्ला. शनिवारचं विमान उघडलं. बाकदार रेषा समुद्राच्या मध्यापर्यंत नीट आलेली, तिथे एकदम वाकडी होऊन वर उत्तरेला गेलेली, आणि मग काहीच नाही. विमानाचं चित्रच नाही.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. गॅसवर चहा उतू गेला. मी विमान कंपनीच्या नंबरवर फोन लावत होतो आणि तिकडे नुसतं संगीत वाजत होतं. पल्लवीला काय सांगू? नववा महिना संपत आलेला, तिला घाबरवून चालणार नव्हतं. मी म्हणालो, "विमानं होतात लेट, तू पडून राहा." आणि स्वतः अंगणात येऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने निखिलचा फोन आला. "पप्पा, कोणीतरी पॅसेंजर सीरियस झालाय म्हणून विमान अलास्कात उतरवलंय. विमान ठीक आहे म्हणतात. पण लोकांना खाली उतरू देत नाहीयेत, आतच बसवून ठेवलंय. पुढे कधी निघणार ते माहीत नाही."

जीव जरा भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण आता मला दिसायला लागली ती बंद विमानात बसलेली शैला. साखर वाढली की तिला तहान लागते, ओठ पांढरे पडतात. हिचं पाणी संपलं तर ही मागेल का? ही बाई लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा वरण मागत नाही!

"माय, तिच्याकडे एक लिटरची बाटली आहे फक्त," मी म्हणालो. मला रडू येत होतं, सरळ सांगतो.

माय म्हणाली, "इकडं ये. बस."

तिने ताटली काढून ठेवली. मी लॅबचा माणूस, मला नुसतं 'उतरतंय' चालत नाही. मी उलथनं आणलं, पाण्यात बुडवून मोजायला. मायने हातावर चापट मारली. "वाटंच्या पाण्यात उलथनं घालतोस?" मग तिनेच तुळशीची एक लांब वाळलेली काडी आणून दिली. ती काडी मी उभी बुडवायचो, ओली कुठपर्यंत झाली ते बघून नखाने खूण करायचो. थोड्या वेळाने पुन्हा. प्रत्येक वेळी ओल खालच्या खुणेला. उघड्या डोळ्यांनी पाणी हलताना दिसत नव्हतं, कुणी पिताना दिसत नव्हतं, पण काडी खोटं बोलत नव्हती.

"उतरून राह्यलंय ना?" माय विचारायची.

"हो."

"मंग पिऊन राह्यली. घाबरायचं काम न्हाई."

मंडळी, हसू नका. त्या सकाळी मी मोबाईल बाजूला ठेवला आणि कळशी बघत बसलो. मोबाईलमध्ये काही कळत नव्हतं, आणि काडी खाली खाली जात होती तोवर मला वाटत होतं की शैला ठीक आहे, तिच्या घशात पाणी जातंय. आमच्या ऑफिसमध्ये कुणी मला तसं बसलेलं पाहिलं असतं तर पुन्हा माझ्या सहीवर कुणी पोतं पास केलं नसतं.

आणि मग... काडी थांबली. एकदा बुडवली, ओल त्याच खुणेला. परत बुडवली, तिथेच. कळशीच्या तळाशी थोडंच पाणी उरलेलं, आणि ते आता हलेना.

"माय, थांबलं."

मायने पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, उतरली असंल. पण तिने माझ्या हातातून काडी घेतली आणि स्वतः बुडवून पाहिली. तेव्हा मला कळलं की थांबलं म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. आजवर ती कधी असं झाकण काढून शेवटपर्यंत बघत बसलीच नव्हती. "फोन लाव," ती म्हणाली, "जल्दी फोन लाव."

फोन कुणाला लावणार? निखिलला लावला, त्याला 'विमान निघालं' एवढंच कळलं होतं. दुपारचं जेवण दोघांनीही केलं नाही. मायने कळशीवर ताटली ठेवली आणि दोन्ही हात त्या ताटलीवर ठेवून बसून राहिली. ऊन मावळतीकडे कललं तेव्हा फोन वाजला.

"अहो, पोचले हो. निखिल न्यायला आलेत. जेवलात का?"

मी काय बोललो आठवत नाही. मायने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि नुसती "बाई... माझी बाई गं..." म्हणत राहिली. मग डोळे पुसत उठली, कळशीतलं उरलेलं पाणी घेऊन तुळशीपाशी गेली.

इथपर्यंत असतं तर मी म्हटलं असतं की उष्मा, जुनी कळशी, आणि घाबरलेलं डोकं. दुसऱ्या कळशीचं काय, हा प्रश्न मी कुठेतरी पुरून टाकला असता. पण दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर शैला सविस्तर सांगायला लागली.

"विमान तिथं बर्फाच्या डोंगरांजवळ उभं होतं बघा. त्या आजारी गृहस्थांना खाली नेलं, ते बरे हायत म्हणे. पण आम्ही आपले आतच. एसी कमी केला, गरम व्हायला लागलं. विमानातलं पाणी संपलं. माझ्या शेजारी एक पोरगी होती, कडेवर तान्हं बाळ. तिचे ओठ सुकलेले. मी म्हटलं, घे माय, अन् तिच्या ग्लासात ओतलं. मंग पलीकडच्या जपानी आजोबांना दिलं. मंग पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं बघितलं, तिला दिलं. मागच्यांनी ग्लास पुढं केले. मी आपली देत गेले."

"कुठल्या बाटलीतून?" मी विचारलं.

"आपल्याच. स्टीलच्या."

"शैला, ती एक लिटरची आहे."

"हो."

"तू किती जणांना दिलंस?"

"मी कुठं मोजत बसले? येतील तसं दिलं. मीपण पीत होते. नंतर त्यांनी पाण्याचे खोके आणले, जेवण आणलं, विमान निघालं. मग मी जी झोपले ते उतरायलाच उठले." बोलता बोलता ती थांबली. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, तिलाही ते आत्ता पहिल्यांदाच जाणवत होतं. "अहो... बाटली संपली कशी न्हाई?"

मागून मायने विचारलं, "चव कशी होती गं?"

"तेच म्हणणार होते, आत्याबाई. जपानचं पाणी म्हणून भरलं, अन् विमानात प्याले तर बराबर आपल्या कळशीचं. तांब्याचा वास. मला वाटलं, मला घरची आठवण येतीय म्हणून तसं लागलं असंल."

तिने अलास्कात वाटायला सुरुवात केली ती वेळ आणि पाण्याचे खोके आले ती वेळ मी नंतर तिला खोदून खोदून विचारली आणि आपल्या घड्याळात बसवून पाहिली. काडी झपाझप उतरत होती आणि मग थांबली, त्याच्याशी जुळते. कशी जुळते ते मला विचारू नका.

जूनमध्ये नात झाली. गोरी, मोठ्या डोळ्यांची, आणि रडायला लागली की शेजारच्या राज्यात ऐकू जाईल अशी. शैला दिवाळी तिकडेच करून परत यायला निघाली. आता पाणी तिकडे ठेवायचं, कारण ती त्या घरातून निघणार होती. पल्लवीकडे कळशी कुठून असणार? तिने सगळ्यात मोठा प्रेशर कुकर घेतला. निखिल आमच्यासारखाच, कशावर विश्वास नसलेला. तो म्हणाला, पप्पा, आपण नीट करू. त्याने कुकर काठोकाठ भरला, शैलाने घोट घेतल्यावर रबर बसवून झाकण लावलं, वर शिट्टीसुद्धा बसवली. मी इकडून विचारलं, "किती शिट्ट्या करायच्या?" आम्ही दोघं पोट धरून हसलो, पण दोघांनाही निकाल पाहिजे होता.

येताना समोरून वारं असतं, त्यामुळे तेच अंतर कापायला विमानाला जास्त तास लागतात. मी हिशोब केला. अंतर तेवढंच, वेळ जास्त, म्हणजे पाणी निदान अर्धं तरी जायला हवं. शैला घरी पोचल्यावर निखिलने कॅमेऱ्यासमोर कुकर उघडला. पाणी जेमतेम पेलाभर कमी होतं.

बंद कुकरातून पेलाभर तरी का जावं, याला उत्तर नाहीच. पण मी मात्र जिंकल्यासारखा मायकडे वळलो. "बघ माय! एवढा समुद्र ओलांडला, जास्त वेळ लागला, अन् तुझं पाणी गेलं इतकुसं. कुठे राहिलं तुझं माप?"

मायने सरळ शैलाला विचारलं, "यायच्या टायमाला कुणी तहानलेलं भेटलं होतं का गं?"

"न्हाई आत्याबाई. सगळे झोपलेले. शेजारच्या एका म्हातारीला गोळी घ्यायला तेवढं पाणी दिलं."

"मंग बराबर हाय," माय म्हणाली.

"काय बरोबर आहे? तू तर अंतर विचारून भांडं ठरवतेस."

"अंतराला काय पाणी लागतंय रे?" माय माझ्याकडे असं बघत होती की हा एवढा शिकून कोरडाच राहिला. "लांबच्या वाटंला माणसं जास्त भेटतात, म्हणून मोठं भांडं. एकट्या सुनंसाठी कळशी ठेवायला मी काय येडी हाय का? तिला तर फुलपात्र पुरतंय."

मला कित्येक वर्षं वाटत होतं की माय घरच्या माणसासाठी पाणी ठेवते. ती ठेवत होती ते वाटेत भेटणाऱ्यांसाठी, ज्यांना ती कधी बघणार नव्हती. मी लॅबमध्ये बसून थेंब थेंब मोजणारा, आणि मे महिन्यात भांडी घासायच्या पाण्यावरून तिच्याशी भांडलेला. त्या दिवशी मी तिच्याशेजारी बराच वेळ बसून राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कळशी अजून आहे, पाझरत नाही, मी तपासून घेतली. कुकरचं रबर निखिलने तपासलं. कुणा जाणकाराला शास्त्रीय कारण सुचत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन. फक्त मायला वाचून दाखवणार नाही.

पुढच्या आठवड्यात मी कंपनीच्या कामासाठी हैदराबादला चाललोय. नेहमीच्या हिशोबाने चरवी पुरली असती. काल संध्याकाळी माय कपाटातून कळशी काढून घासत बसली होती. मी आत गेलो आणि बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी दोन ग्लास टाकले.